देवीलालच्या काळजाचा फोटो

देवीलाल आडेनं उमेदीची वर्षं ट्रकवर काढली. पांढरकवड्याच्या नाक्यावर माल भरायचा, हायवेला लागायचं, कधी हैदराबाद तर कधी नागपूर गाठायचं, आणि लिंगटेकडी तांड्यावरच्या आपल्या घरी यायचं ते पाहुण्यासारखं. "तुमी येता तवा आपलं कुत्रंई तुमच्यावर भुकते," असं बायको जमनी म्हणायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. एकदा बऱ्याच आठवड्यांनी तो घरी आला, तर नुकती बोलायला लागलेली बबिता त्याला पाहून आईच्या पदरामागं लपली आणि काही केल्या बाहेर येईना. त्या खेपेनंतर त्यानं ट्रकच्या मालकाला निरोप धाडला आणि घाटंजीतल्या एका शाळेच्या बसवर ड्रायव्हर म्हणून लागला.

त्या पिवळ्या बसवर त्याचे केस पिकले. बबिता त्याच बसनं शाळा शिकली, पुढं लग्न होऊन उमरखेडला गेली. बस मात्र त्याच रस्त्यानं फिरत राहिली. वाघाडीच्या पुलाअलीकडची गावं, मधला पोड, म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती, आणि शेवटी चढावर असलेला लिंगटेकडी तांडा. तांड्यापर्यंत रस्ता नावालाच होता. दगडगोट्यांचा चढ, एका बाजूला पळसाची झुडपं, दुसऱ्या बाजूला नाल्याची खोल घळ. दुसरा ड्रायव्हर असता तर खालीच थांबून हॉर्न वाजवला असता. देवीलाल बस वरपर्यंत न्यायचा. सावकाश, पहिल्या गिअरमध्ये, एका हातानं दाराचा दांडा धरून. लेकरू जागेवर बसल्याशिवाय गाडी हलायची नाही. त्यामुळं झालं असं, की ज्या घरांनी चौथीनंतर मुलींना शाळेतून काढलं असतं त्यांनी काढलं नाही. "देवीलालच्या गाडीत जाते ना, मंग जाऊ दे," असं तांड्यातले बाप म्हणत. हे वाक्य कोणीतरी त्याच्या कानावर घातलं होतं. ते त्यानं कधी कोणाला बोलून दाखवलं नाही, पण पगार वाढवून मिळाला तेव्हाही त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं.

सोयाबीन निघाल्यानंतरचे दिवस होते. सकाळची खेप घेऊन तो वाघाडीच्या पुलाजवळ आला आणि छातीत एकाएकी काहीतरी फडफडलं. टोपल्याखाली कोंबडी झाकावी आणि तिनं आत पंख आपटावेत, तसं. हाताला घाम सुटला, समोरचा पूल एकदा गढूळ दिसला, पुन्हा नीट दिसला. त्यानं बस बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला.

"इंजिन गरम झालं," तो मागं न पाहता म्हणाला. "थंडं होऊ द्या जरा."

मुलं खिडक्यांतून पुलाखालचं पाणी बघायला लागली. बाबुलाल पवाराची निकिता, आठवीतली पोरगी, पुढच्या सीटवर बसायची. तिनं आपली पाण्याची बाटली पुढं केली.

"काका, तुमी प्या. इंजिनले मंग पाहू."

तो प्यायला. थोड्या वेळानं फडफड ओसरली आणि बस शाळेत पोचली. त्या दिवशी त्यानं कोणाला काही सांगितलं नाही. पण त्या आठवड्यात तसं पुन्हा झालं, नंतर घरी जेवताना झालं, आणि मग जमनीनंच त्याला यवतमाळला नेलं. तिथल्या डॉक्टरानं छातीला तारा लावून ईसीजीची पट्टी काढली, ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, ठोके बेताल पडताहेत, हृदयाचा वरचा कप्पा नीट आवळायच्या ऐवजी नुसता थरथरतोय. बीपी किती वर्षांपासून आहे, असं त्यानं विचारलं. देवीलालला ते आहे हेच ठाऊक नव्हतं. डॉक्टरानं रक्त पातळ करायची गोळी सुरू केली आणि नागपूरला जायला चिठ्ठी दिली.

नागपूरच्या त्या दवाखान्यात डॉ. काळमेघ म्हणून बाई होत्या. बोलायला शांत. त्यांनी कागदावर हृदय काढून दाखवलं. वरच्या डाव्या कप्प्यात चुकीच्या जागेवरून करंट सुटतो, म्हणून ठोका बिघडतो. जांघेतल्या शिरेतून बारीक तार तिथपर्यंत न्यायची आणि त्या जागा डागून बंद करायच्या, असा इलाज. देवीलाल ट्रकवाला माणूस, त्याला ते लगेच उमगलं.

"मनजे वायरिंग शॉर्ट झाली. तेवढी वायर तोडाची."

"साधारण तसंच," डॉक्टर हसल्या. मग त्यांनी आणखी एक विचारलं. हा इलाज झालेल्या माणसांच्या हृदयाची चित्रं मोठ्या मशीनवर काढायची, आणि कोणाचा त्रास परत येणार हे त्या चित्रावरून आधीच ओळखता येतं का ते बघायचं, असा अभ्यास त्यांच्याकडं चालू होता. देवीलाल त्यात येईल का?

"फोटोच काढाचे ना," देवीलाल म्हणाला. "काढा."

दिवाळी झाल्यावर इलाज झाला. सरकारी योजनेत काम बसलं, त्यामुळं त्या बाजूची काळजी नव्हती. घरी आल्यावर काही आठवडे त्याला मधूनच धडधडायचं, पण डॉक्टरांनी ते आधीच सांगून ठेवलं होतं. जखम भरेस्तोवर असं होतं, घाबरायचं नाही. मग तेही थांबलं. संक्रांत आली तोवर छाती इतकी निवांत झाली, की आपल्याला काळीज आहे हेच तो विसरून जायचा. सकाळी उठून तांड्याचा चढ उतरून खाली जायचा आणि दम न लागता वर यायचा. जमनी तीळ भाजता भाजता त्याच्याकडं बघायची. बबिताला फोन करून सांगायची, "बापू पयल्यासारखे झाले तुहे."

शाळेत त्या काळापुरता एक बदली ड्रायव्हर होता, संजय नावाचा. आता डॉक्टरांनी पत्र दिलं की पुन्हा गाडी हाती घ्यायची, एवढंच देवीलालच्या डोक्यात होतं. नागपूरला तपासणीची तारीख आली तेव्हा त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला.

दिवसभर छातीला यंत्र बांधून झालं, पट्टी झाली. सगळं बरोबर निघालं. दुसऱ्या दिवशी त्याला बोगद्यासारख्या मशीनमध्ये झोपवलं. शिरेत औषध सोडलं, कानावर टोप चढवले, आणि आवाज झाला की श्वास धरायचा, असं सांगितलं. मशीन ठोकत राहिलं. आत पडल्या पडल्या तो तांड्याच्या चढाचा विचार करत होता. पावसात नाल्याकडच्या बाजूची माती खचलीय, पहिल्या दिवशी गाडी पळसाच्या बाजूनं घ्यावी लागेल.

दुपारी डॉ. काळमेघांनी त्याला आणि जमनीला आत बोलावलं. समोरच्या पडद्यावर करडं-काळं चित्र होतं.

"हे तुमचं हृदय, देवीलालजी. हा वरचा डावा कप्पा. असायला पाहिजे त्याहून बराच मोठा झालाय. बीपी अंगावर काढलंत, त्या ताणानं फुगलाय. आणि भिंतीत हे पांढरं दिसतंय, ते वण आहेत."

"तुमी डागलं ते?"

"आम्ही केलेले हे, या ओळीत. बाकीचे आधीपासूनचे आहेत. खूप ठिकाणी आहेत."

देवीलालनं वाकून पाहिलं. भिंतीला ओल येऊन रंग उडावा, तसं त्याला ते दिसलं.

"मंग आता?"

"आत्ता तुमचे ठोके एकदम बरोबर आहेत. इलाज झालाय. पण मी तुमच्यापासून लपवणार नाही. ज्यांच्या चित्रात इतके वण दिसतात, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना वर्ष-दोन वर्षांत हे परत होतं."

"बऱ्याच मनजे कितीक?"

"दहातल्या सहा-सात जणांना."

"अन् मी त्या सहा-सातात हाओ का बाकीच्यात?"

"ते चित्र सांगत नाही."

"हे डाग पुसता येते का?"

"नाही. बीपी सांभाळा, गोळ्या चुकवू नका, वजन वाढू देऊ नका. त्यानं वाढायचे थांबतील. आहेत ते राहतील."

जमनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. देवीलालनं शाळेच्या पत्राचं काढलं. डॉक्टरांनी विचार करून लिहिलं, आज ठोके नियमित आहेत, गाडी चालवायला सध्या हरकत नाही. आणि त्याखाली लिहिलं, त्रास परत होण्याची शक्यता जास्त आहे, ठरावीक काळानं तपासणी हवी.

"ही खालची ओळ नाई लिहिली तं जमणार नाई का?"

"नाही जमणार. तुमच्या गाडीत मुलं असतात."

देवीलालनं पत्राची घडी घालून खिशात ठेवली.

परतीच्या एसटीत जमनी बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसली. वडकीच्या पुढं गेल्यावर म्हणाली, "फोटोवर काय जाता तुमी. माणूस मेल्यावरई फोटोत हासते."

देवीलाल हसला. तेवढ्यापुरतं त्यालाही ते पटलं.

शाळेच्या संस्थेचे सचिव पुंडलिकराव म्हणजे कपाशी-तुरीचं मोठं वावर असलेला माणूस, पण तोरा नसलेला. त्यांनी पत्र वाचलं, खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे काय आहे, देवीलाल?"

"डॉक्टर लोक लिहितेच तसं. त्यायच्या अंगावर येऊ नाई म्हणून."

फोटोचं तो बोलला नाही. पुंडलिकरावांनी चष्मा काढून त्याच्याकडं पाहिलं. "तुमी म्हणता तं ठीक आहे," ते म्हणाले आणि किल्ली त्याच्या हातात दिली.

पहिल्या दिवशी मुलांनी बसमध्ये कालवा केला. निकितानं दाराला झेंडूचं तोरण बांधून ठेवलं होतं. देवीलाल सीटवर बसला, आरसा नीट केला, स्टार्टर मारला, आणि त्याच क्षणी त्याचं लक्ष इंजिनाच्या आवाजावरून आपल्या छातीकडं गेलं. ते पुन्हा तिथून हटलंच नाही.

पूर्वी तो रस्ता बघायचा. आता रस्ता बघता बघता आत कान लावून असायचा. स्टॉपवर थांबला की डाव्या मनगटावर उजव्या हाताची बोटं ठेवायचा. ठोके ठीक असायचे. पुढच्या स्टॉपवर पुन्हा ठेवायचा. एखादा ठोका जरा जोरात पडला, ढेकर आला, पोटात वायू धरला, तरी त्याच्या डोळ्यांपुढं तो पडदा यायचा आणि भिंतीतलं पांढरं पांढरं दिसायचं. गाडी हळू चालायला लागली. वाघाडीच्या पुलावर तर चालत्या माणसाच्या चालीनं. मुलं प्रार्थना संपल्यावर पोचायला लागली. मास्तरांनी एक-दोनदा विचारलं, तर त्यानं रस्त्यावर खापर फोडलं.

घरी जमनीनं विचारणं सोडून दिलं होतं, नुसती बघायची. ते त्याला जास्त टोचायचं.

"काय पाह्यतं माह्याकडं?" एकदा तो तिच्यावर खेकसला.

"पाह्यतो तुमी जेवता का नाई." ताट तसंच होतं.

"मी बरा हाओ. काई झालं नाई मले."

"मंग बऱ्यासारखं राहा ना," ती म्हणाली. त्यांच्या घरात बंजाऱ्यांच्या गोरमाटीतच बोलणं व्हायचं आणि त्या बोलीत जमनीला कधी शब्द कमी पडले नव्हते. पण त्या दिवशी ती एवढंच म्हणाली आणि भांडी घेऊन बाहेर गेली.

कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून वावरं मोकळी पडली होती, तेव्हाची गोष्ट. दुपारची शाळा सुटल्यावर तो तांड्याचा चढ चढून वर आला, बाकीची मुलं उतरली. कोलाम पोडावरची चार लेकरं आणि तांड्याच्या खालच्या टोकाला राहणारी निकिता यांना तो नेहमी परतताना उतरवायचा, ती बसमध्ये राहिली होती. त्यांना घेऊन तो चढ उतरायला लागला. घळीच्या वळणावर त्याला वाटलं, आलं. छातीत काहीतरी उसळलं. विचार करायच्या आधी पाय ब्रेकवर गेला, आणि पूर्ण ताकदीनं गेला. बस दगडगोट्यांवर घसरली, वाकडी झाली आणि घळीच्या कडेला मागचं चाक टेकवून थांबली. मागं लेकरं पुढच्या सीटवर आपटली. निकिता उतरायला म्हणून नुकतीच उठली होती. तिचं तोंड लोखंडी दांड्यावर बसलं.

तो मागं गेला तेव्हा तिच्या ओठातून रक्त चाललं होतं, पुढचा एक दात हलत होता. ती रडत नव्हती, नुसती त्याच्याकडं बघत होती. बाकीच्यांना खरचटण्यापलीकडं काही झालं नव्हतं. त्यानं आपला रुमाल तिच्या तोंडावर धरला. दुसऱ्या हाताची बोटं सवयीनं मनगटावर गेली.

ठोके ठीक होते. एकामागं एक, सारखे, घड्याळासारखे. काही आलंच नव्हतं.

तो बसच्या पायरीवर बसला. आपल्याला काय वाटतंय हे त्याला कळेना. बरं वाटायला हवं होतं. पण बसच्या मागच्या चाकाखालून खडे सुटून घळीत पडत होते, त्यांचा आवाज ऐकत तो बसून राहिला. मग त्यानं लेकरांना उतरवलं, चालत पोडावर पोचवलं, निकिताला घेऊन बाबुलालच्या दारात गेला आणि जे झालं ते सांगितलं.

बाबुलाल शिव्या देईल, असं त्याला वाटलं होतं. त्यानं पोरीचा ओठ बघितला, आत पाठवली. "होते भौ कदी कदी," तो खाली बघून म्हणाला. "तुमची तब्येत पाहा."

दुसऱ्या दिवशी देवीलाल किल्ली घेऊन पुंडलिकरावांकडं गेला. आता मात्र त्यानं फोटोचंही सांगितलं. पुंडलिकरावांनी सगळं ऐकून घेतलं. "मीच म्हणणार होतो," ते म्हणाले. "पण तुमाले कसं म्हणावं, म्हणून राह्यलो." आणि किल्ली टेबलावर ठेवायची वाट न बघता त्यांनी ती त्याच्या हातातूनच घेतली. माणूस चांगला होता, पण त्या घाईनं घेतलेल्या किल्लीची आठवण देवीलालला पुढं फार दिवस छळत राहिली.

संजय कायम झाला. पोरगा वाईट नव्हता, फक्त त्याला वेळेत पोचायचं असे. बस तांड्यावर चढवायला त्यानं पहिल्या दिवशीच नकार दिला आणि घळीचं ऐकल्यावर संस्थेनंही तेच ठरवलं. बस खाली डांबरी रस्त्यावर थांबायला लागली. मुलगे चढ उतरून जात. मुलींचं मात्र अवघड होतं. घळीच्या बाजूनं एकट्यानं जायचं-यायचं, पावसाळ्यात नाला भरून वाहायचा. नवं वर्ष सुरू झालं तेव्हा तांड्यातल्या दोन-तीन मुली शाळेत गेल्याच नाहीत. निकिता त्यांतली एक.

देवीलाल बाबुलालकडं गेला. निकिता ओसरीत तुरीची डाळ निवडत होती. ओठावर बारीक वण राहिला होता. ती उठून आत गेली.

"नववीत गेली ना ते," देवीलाल म्हणाला. "हुशार हाय. पाठव तिले."

"खालपर्यंत कोण नेईल? मले अन् तिच्या मायले वावरात जा लागते."

"मी नेतो सकायी. संध्याकायी आणतो."

बाबुलालनं त्याच्याकडं पाहिलं, मग दुसरीकडं पाहिलं. "तुमी खाली उतरसान, अन् मधातच काई झालं तं? पोरगी काय करन?" थोडं थांबून तो म्हणाला, "गाडी तुमची असती तं पाठवली असती, भौ. खरं सांगतो."

देवीलाल घरी आला आणि कितीतरी दिवस त्या बाजूला गेला नाही. निकिता आईसोबत कापूस वेचायला जायला लागली.

आणि या सगळ्या काळात त्याचं काळीज मात्र ठाकठीक चालत होतं. पावसाळा गेला, दिवाळी गेली, इलाजाला वर्ष होऊन वर महिने झाले. एकदाही फडफड नाही. सुरुवातीला त्यानं विश्वास ठेवला नाही. मग हळूहळू ठेवायला लागला. मनगटावर बोटं ठेवायची सवय सुटली. जमनीसोबत वावरात जायला लागला, भाकरी दोनच्या तीन झाल्या. एकदा बबिताशी फोनवर बोलताना तो आपणहून म्हणाला, "दहातले तीन-चार सुटते म्हणे. मी त्यायच्यात निंगालो वाटते."

ते तोंडातून गेल्यावर त्याला धीर आला. तो पुन्हा पुंडलिकरावांकडं गेला. बस नको तर नको, संस्थेची छोटी गाडी होती, कार्यालयाची कामं करणारी, ती तरी द्या, असं म्हणाला.

पुंडलिकरावांनी चहा मागवला. चहा येईपर्यंत कपाशीच्या भावाचं बोलत राहिले. मग म्हणाले, "तुमी बरे आहात याचा मले आनंदच आहे, देवीलाल. पण मी ते कागद समितीपुढं ठेवले होते. आता कोणी सही करत नाही. उद्या काही झालं तं विचारतीन, माहीत असून गाडी काहून दिली?"

"पण झालं नाई ना काई."

"नाही झालं. पण होऊ शकते, असं लिहिलेलं आहे."

"हे कदी खोडलं जाईन?"

पुंडलिकरावांनी मान हलवली. त्यांनी शाळेच्या फाटकावर बसायचं काम देऊ केलं. देवीलाल विचार करून सांगतो म्हणाला. फाटकावर बसून रोज सकाळी संजयला बस आत घेताना बघायचं, हा विचार त्याला झेपेना.

तो विचार करायची वेळ आलीच नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांनी भर दुपारी तो आणि जमनी अंगणात तुरीच्या शेंगा झोडपत होते. दोघांचे दांडके एकाआड एक पडत होते. देवीलालचा दांडका थांबला. जमनीनं वर पाहिलं.

"आलं," तो म्हणाला.

"कोण आलं?" तिनं वाटेकडं बघितलं. मग त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि तिला कळलं. तिनं हातातला दांडका सावकाश खाली ठेवला.

या वेळी ते ओसरलं नाही. संध्याकाळपर्यंत तसंच, दुसऱ्या दिवशी तसंच. बबिता उमरखेडहून धावत आली, त्याला घेऊन नागपूरला गेली. पुन्हा पट्टी, पुन्हा ते मशीन, पुन्हा तो पडदा. कप्पा आणखी मोठा झाला होता.

"पुन्हा डागता येते का?" बबितानं विचारलं.

"येतं," डॉ. काळमेघ म्हणाल्या, "पण यांच्या बाबतीत मी सुचवणार नाही. टिकणार नाही आणि धोका आहे. आता ठोका ताब्यात ठेवायच्या गोळ्या, आणि रक्त पातळ ठेवायची गोळी कायमची. ती बंद करायची नाही, रक्ताची गाठ डोक्यात गेली तर लकवा होईल."

"तुमचा फोटो खरा निंगाला," देवीलाल म्हणाला.

"खोटा निघाला असता तर मला बरं वाटलं असतं."

त्यानं त्या चित्राकडं बोट केलं. "बाई, राग मानू नका. मले हे दाखवलंच नसतं, तं मदातलं वर्षभर मी गाडी चालवली असती. पोरी शाळेत गेल्या असत्या. त्या वर्षी तं मी चांगला होतो."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "हो. चालवली असती. आणि परवाच्या दुपारी तुम्ही अंगणात होतात. त्या वेळी बसमध्ये असता तर?"

देवीलालला घळ आठवली. पण त्या दिवशी तर काहीच आलं नव्हतं.

"मंग याचा उपेग कोनाले?" त्यानं शेवटी विचारलं.

"पुढच्या पेशंटना. इलाजाआधीच चित्र काढलं, तर कोणाला तो लागू पडेल आणि कोणाला नाही, हे कळेल. तुमच्यासारख्या माणसाला..."

"माह्यासारख्याले सांगसान, इलाज करूच नका."

"कदाचित," त्या म्हणाल्या.

बबितानं बापाचा हात धरला.

आता देवीलाल तांड्यावरच असतो. बबितानं उमरखेडला चला म्हणून फार आग्रह केला, तो गेला नाही. चढ उतरून खाली गेला तर वर येताना तीन ठिकाणी बसावं लागतं, म्हणून खाली जाणं सुटलं. कापूस वेचायला तो एकदा गेला होता. वाळलेल्या बोंडांची टोकं बोटांत शिरली आणि गोळीमुळं रक्त थांबता थांबेना, पांढऱ्या कापसाला डाग लागले. जमनीनं त्याच्या कमरेला बांधलेली कापसाची ओटी काढून घेतली. तेव्हापासून वावर ती एकटीच बघते. तो घरात भाकरी थापायला शिकला. सुरुवातीला जमनीला त्याचं हसू यायचं. आता येत नाही.

पुढं काही वर्षांनी निकिताचं लग्न ठरलं, पुसदकडच्या तांड्यावर. लग्नात ती त्याच्या पाया पडायला आली. त्यानं डोक्यावर हात ठेवला आणि आशीर्वाद द्यायला तोंड उघडलं, तर शब्द आले नाहीत. बाजूच्या बायकांना वाटलं, दम लागला असेल.

नागपूरच्या दवाखान्यातून अभ्यासाकडचा फोन अधूनमधून यायचा. एक मुलगी ठरलेले प्रश्न विचारायची. धडधड होते का, चक्कर येते का, भरती व्हावं लागलं का. तो सांगायचा. कधी कधी ती विचारायची त्याहून जास्त सांगायचा. तुरीचं पीक कसं आलं, रस्ता कसा झाला, हेही सांगायचा, आणि ती ऐकून घ्यायची. जमनी म्हणायची, बबितापेक्षा तुमचं त्या पोरीशीच बोलणं जास्त होते.

या उन्हाळ्यात तिचा फोन आला तेव्हा तो ओसरीत बसला होता. तिनं प्रश्न विचारले. मग म्हणाली, "काका, आमचा अभ्यास आता पूर्ण झाला. तुम्ही इतकी वर्षं माहिती दिलीत, त्याबद्दल मॅडमनी आभार सांगितलेत. यापुढं आमचा फोन येणार नाही. काही त्रास वाटला तर ओपीडीत यायचं."

"बरं," देवीलाल म्हणाला. "काय निंगालं मंग अभ्यासात?"

"चित्रावरून बरंचसं सांगता येतं, असं निघालं."

"बरं," तो पुन्हा म्हणाला. आणखी काही बोलावं म्हणून त्यानं शब्द शोधले, तोवर तिनं नमस्कार म्हणून फोन ठेवला.

जमनी वावरातून आली होती, माठातलं पाणी पीत होती. "कोनाचा होता?"

"दवाखान्याचा."

"काय म्हणते?"

"झालं म्हणे त्यायचं काम."

जमनीनं तांब्या उपडा घातला. तो ओसरीच्या खांबाला धरून उठला, जरा थांबला, आणि पीठ मळायला आत गेला.